सांगता येत नाही

मागच्या सुट्टीत ह्यांनी नळ घालवला. सोलापूरकरांना ह्याचा अर्थ समजावून सांगायला नको. आमच्या जुळे सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड, आणि कधी पहाटे तीनला, कधी पाचला. मी माहेरी गेले होते. निघताना दोनदा बजावलं होतं, आधी हौद, मग मोटर लावून वरची टाकी. सकाळी परत येते तर हौद कोरडा. साहेब पहाटेच पळायला गेलेले, विजापूर रोडनं लांबवर. मधल्या वेळात नळ येऊन गेला.

शेजारच्या काकू कंपाउंडवरून म्हणाल्या, "कमांडोला नळाचा आवाज कळंना व्हय?" हे मान खाली घालून उभे. मग त्यांच्याकडूनच सहा घागरी आणल्या.

हे पॅरा एसएफमध्ये, म्हणजे लष्कराच्या पॅराशूट कमांडोंत आहेत. युनिट आणि ठिकाण लिहिणार नाही, मलाही सगळं माहीत असतं असं नाही. कुठं आहात विचारलं की ह्यांचं एकच, "सांगता येत नाही." लोक पहिल्यांदा एकच विचारतात, भीती वाटत नाही का? मी "नाही" म्हणते. खोटं असतं, पण रोज उठून भीती वाटून घ्यायला वेळ कुठं असतो? सासूबाईंची शुगर, पोरीची फी, गॅसचा नंबर. खरं अवघड वेगळंच आहे. वर्षाची ६० दिवसांची सुट्टी, तीही तुकड्यातुकड्यांनी. तेवढ्यासाठी घरात ह्यांची जागा करायची, आणि हे गेले की ती भरून काढायची. चहाची पूड कुठं आहे हे विचारतात तेव्हा मला राग येतो, आणि राग आल्याचं वाईटही वाटतं. पोरगी ह्यांनी "जा" म्हटल्यावरसुद्धा माझ्याकडं बघते. ह्यांना ते दिसतं. बोलत नाहीत.

लग्नाआधीच आग्ऱ्याला पॅराशूटनं पाच उड्या मारून विंग्ज, म्हणजे छातीवरचा पंखांचा बिल्ला, मिळाल्या होत्या, त्यातली एक रात्रीची. कमांडो निवडीच्या प्रोबेशनबद्दल विचारलं तर "लई चालवलं" एवढंच. खांद्यावर कडक भाकरी आणि शेंगा चटणीची पिशवी टाकून निघणारा माणूस तो हाच, हे मला अजून नीट जुळवता येत नाही. त्या भाकरी महिनाभर टिकतात म्हणून सासूबाई चाळीस-चाळीस बांधून देतात. तिकडं दोन दिवसांत संपतात, सगळे तुटून पडतात म्हणे.

पॅराची मरून रंगाची टोपी घरी पहिल्यांदा आली तेव्हा सासूबाईंनी ती मांडीवर घेतली. बॅज वेगळा ठेवला होता. त्यावरचं अक्षर देवनागरी, त्यामुळं त्यांना वाचता आलं. ब-लि-दा-न. एकेक अक्षर लावून वाचलं आणि म्हणाल्या, "असलं कशाला लिहायचं रे?" बॅज पदरानं पुसून परत दिला. त्यानंतर त्यांनी तो कधी हातात घेतला नाही.

२०१६ साली उरीच्या लष्करी तळावरच्या हल्ल्याची बातमी आली, आणि त्यानंतर ह्यांचा फोन बंद. २९ सप्टेंबरला दुपारी आम्ही सासूसुना गच्चीवर चादरी पिळत होतो. दोन दिवसांवर घट बसणार, घर काढलेलं. ओली सोलापुरी चादर एकटीला पिळवत नाही, दोघींनी दोन टोकं धरून उलट पीळ घालावा लागतो. काकू टीव्हीसमोरून ओरडत आल्या, "आपल्या पोरांनी पलीकडं जाऊन मारलं!" आम्ही दोघींनीही टोक सोडलं नाही. पाणी निथळायचं थांबलं तरी पिळतच होतो. हे त्यात होते का, हे मी तेव्हा विचारलं नाही, नंतरही नाही.

सासूबाई तुळजाभवानीला नवस बोलल्या. गुडघे त्यांचे गेलेले, म्हणून चालायचं माझ्या वाट्याला. कोजागरीला निम्मं सोलापूर तुळजापूरला चालत जातं, ४५ किलोमीटरच्या आसपास. तामलवाडीच्या पुढं कुणीतरी फुकट चहा वाटत होतं, तिथं टेकले आणि फोन वाजला. अनोळखी नंबर.

"कुठं आहेस? एवढा गोंधळ कसला?"

काय झालं कोण जाणे, तोंडून निघून गेलं, "सांगता येत नाही हो."

पलीकडं आवाजच नाही. वाटलं, नेटवर्क गेलं. मग हसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. तेवढ्यात मागून "आई राजा उदो उदो" झालं आणि ह्यांना कळायचं ते कळलं.

"चप्पल घातलीस ना?"

घातली नव्हती. नवस अनवाणी चालायचा होता. तेही मी सांगितलं नाही.