‘सदर वर्षाची नोंद आढळून येत नाही’

असा शेरा मारून परत आलेला, गावच्या जुन्या पीकनोंदी मागणारा माझा अर्ज मी अजून जपून ठेवला आहे. तो पाहिला की आजही राग येतो. मात्र त्या रागाचा निम्मा वाटा आता माझ्या स्वतःच्या अज्ञानाला जातो.

इतिहासात एम.ए. करताना नव्या रचनेनुसार तिसऱ्या सत्रात 4 आणि चौथ्या सत्रात 6 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. ‘मराठवाड्यातील शेतीचा इतिहास’ असा भारदस्त विषय घेऊन मी मार्गदर्शक मॅडमकडे गेले, तेव्हा त्यांनी ‘आठही जिल्हे घेणार, की तुझा तालुका, की नुसते गाव?’ एवढेच विचारले, आणि पंधरा दिवसांत तो विषय माझ्या गावातील 1935 ते 1955 या काळातील ज्वारी व कापसाच्या क्षेत्रावर येऊन थांबला. तेव्हा मला ते अपमानास्पद वाटले होते. शोधगंगा या संकेतस्थळावरील प्रबंध चाळणे, संदर्भ झोटेरो या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवणे, आराखडा मंजूर करून घेणे ही कामे विनासायास पार पडली. त्या आराखड्यात ‘कागदपत्रे मिळवणे: तीन आठवडे’ असे मी आत्मविश्वासाने लिहिले होते. प्रत्यक्षात त्याला पाच महिने लागले.

आमचे गाव 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे पिकांच्या जुन्या नोंदी पहाणीपत्रकांत मिळतील आणि ती तालुक्याच्या अभिलेख कक्षात असतील, इतके मला ठाऊक होते. पहिल्या खेपेस विभागप्रमुखांचे पत्र नाही म्हणून परत पाठवण्यात आले. दुसऱ्या खेपेस पत्र होते, पण संबंधित कर्मचारी बैठकीला गेले होते आणि किल्ली त्यांच्याकडेच होती. सप्टेंबर 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्याने त्या खोलीसमोर वंशावळीचे कागद हातात धरून बसलेली माणसे सकाळपासून असत, आणि त्यांच्यासमोर ज्वारीचे क्षेत्र मोजायला आलेल्या मुलीची घाई कोणाला का वाटावी, हे मला समजत होते. तरीही बाकावर बसून चार-चार तास घालवताना ते समजणे काही कामी येत नसे. तिसऱ्या खेपेस मी कोर्ट फीचे तिकीट लावून रीतसर अर्ज दिला: गावाचे नाव, ‘सन 1938 ची पहाणीपत्रके’, उद्देश शैक्षणिक. चाळीस दिवसांनी वर सांगितलेला शेरा हाती आला. ‘ताई, आम्ही सगळे बस्ते बघितले, 1938 चा बस्ताच नाही,’ असे त्या कर्मचाऱ्याने सांगितले (बस्ता म्हणजे कापडात बांधलेला कागदपत्रांचा गठ्ठा), आणि आता मला कळते की तो अक्षरशः खरे बोलत होता.

या पेचातून सोडवले ते आमच्या शेजारच्या गल्लीतील एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी. मी त्यांच्याकडे केवळ जुन्या पत्रकांतील शिकस्ता (घाईने जोडून लिहिलेल्या) वळणाचे उर्दू वाचून घेण्यासाठी जाणार होते. अर्ज पाहताच ते हसले आणि म्हणाले, ‘बेटी, निजामाच्या दफ्तरात इसवी सन शोधतेस? फसली माग.’ बस्त्यांवर फसली सन, म्हणजे निजामाच्या राज्यातील महसुली वर्ष, लिहिलेले असते, ही एक गोष्ट मला कोणी पहिल्याच दिवशी सांगितली असती तर माझे दोन महिने वाचले असते. संशोधन पद्धतीच्या तासाला प्राथमिक आणि दुय्यम साधनांतील फरक पाठ करून घेतला गेला. बस्त्यावर काय लिहिलेले असते, याबद्दल चकार शब्द नव्हता.

यानंतरची चूक मात्र सर्वस्वी माझी. इसवी सनातून 590 वजा करायचे असे ऐकून मी 1348 चा बस्ता मागवला, तो आठवडाभरात मिळाला, आणि त्या आनंदात मी ‘1938 ची रब्बी ज्वारी’ असा तक्ता भरूनही टाकला. पुढे घरातील एका जुन्या पावतीवर दोन्ही सने शेजारी-शेजारी दिसली: इस्फंदार 1347 फसली आणि जानेवारी 1938. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजुर महिन्यापासून सुरू होत असे. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखांसाठी फसलीत 590 आणि पुढील महिन्यांसाठी 591 मिळवावे लागतात. म्हणजे मी लिहिलेली सगळी रब्बी एका वर्षाने घसरली होती. तो तक्ता पुन्हा करताना मला रडू आले नाही, कारण ही चूक परीक्षकांनी नव्हे तर मी स्वतः पकडली होती, आणि त्याचा मला अजूनही थोडा अभिमान आहे.

आकड्यांबाबत आणखी एक सावधगिरी सांगते. पत्रकात 3 एकर 20 गुंठे हे 3.20 असे टिपून घेण्याचा मोह होतो. एक्सेलमध्ये 3.20 आणि 2.30 यांची बेरीज 5.50 येते, पण चाळीस गुंठ्यांचा एकर धरला की खरे उत्तर 6 एकर 10 गुंठे आहे. एकर व गुंठे वेगळ्या रकान्यांत ठेवावेत. शेतसाऱ्याचे आकडे घेणार असाल तर ते हाली (निजामाच्या) रुपयांत आहेत की कलदार (ब्रिटिश) रुपयांत, हेही तिथेच लिहावे. 7 हाली म्हणजे साधारण 6 कलदार.

विभागप्रमुखांच्या पत्राच्या पाच प्रती आधीच काढून ठेवाव्यात, हे खरे तर आरंभीच सांगायला हवे होते. छायाचित्रे घेण्याची परवानगी त्याच पत्रात मागावी, कारण पुन्हा वेगळा अर्ज म्हणजे पुन्हा वेगळी प्रतीक्षा. प्रत्येक टिपणावर बस्त्याचा क्रमांक, फसली सन, पान आणि वाचून कोणी दिले त्यांचे नाव लिहावे. तोंडी परीक्षेत मला पहिला प्रश्न याबद्दलच आला. आणि कागदपत्रे येईपर्यंत हात बांधून बसू नये: 1954-55 चे खासरा पत्रक (सर्व्हे नंबरनिहाय जमिनीची नोंद) मला लवकर मिळाले होते, त्यावरचे प्रकरण मी आधी लिहिले असते तर शेवटच्या महिन्यातील जागरणे टळली असती.

1347 च्या बस्त्यासाठी मी त्याच आठवड्यात नवा अर्ज दिला, या वेळी फसली सन ठळक अक्षरांत लिहून. प्रकल्प सादर झाला, गुण आले, पदवीही मिळाली. तक्त्यातील त्या वर्षाचा रकाना ‘साधन उपलब्ध झाले नाही’ अशा तळटिपेसह रिकामाच राहिला आणि अर्ज अद्याप प्रलंबित आहे.