मेगामाइंड : तुरुंगात वाढलेला नायक

अतिमानवी नायकांच्या बहुतेक कथांत नायकाचे चांगुलपण गृहीतच धरलेले असते. ताकद मिळाली की तो लोकांचे रक्षण करणार, यात कोणाला शंका नसते. ड्रीमवर्क्सने २०१० साली काढलेल्या, टॉम मॅकग्रा दिग्दर्शित ‘मेगामाइंड’ या विनोदी ॲनिमेशनपटाने नेमक्या याच गृहीतकाला हात घातला आहे, आणि म्हणून तो मला लहान मुलांच्या चित्रपटांत फार मोलाचा वाटतो.

कथेच्या आरंभी, नष्ट होत असलेल्या ग्रहांवरून दोन बाळे पृथ्वीकडे पाठवली जातात. एक श्रीमंतांच्या वाड्यात पोहोचते आणि पुढे शहराचा लाडका मेट्रो मॅन होते. निळ्या कातडीचे आणि मोठ्या डोक्याचे दुसरे बाळ तुरुंगाच्या आवारात पडते आणि कैद्यांच्या अंगाखांद्यावर वाढते. शाळेत दोघे एकत्र येतात तेव्हा आपल्या आबाधोबीसारख्या चेंडूच्या खेळात मेगामाइंडला सर्वांत शेवटी घेतले जाते आणि सगळे त्यालाच चेंडू मारतात. आपल्याला वाईट वागणेच जमते, असा निष्कर्ष तो पोर तिथे काढतो.

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत उन्हाळी वर्गातल्या मुलांना मी हा चित्रपट दाखवला. संवाद इंग्रजी असल्यामुळे मध्येच थांबवून ते मराठीत सांगावे लागत होते. या प्रसंगाला मात्र काहीच सांगावे लागले नाही. एरवी वर्गात फारसा न बोलणारा एक मुलगा आपणहून म्हणाला, “त्याला कुणी खेळायलाच घेईना की सर, मग काय करंल त्यो?” माणसाला वाळवून लहानशा निळ्या ठोकळ्यात बदलणारी आणि पाणी पडताच पुन्हा जिवंत करणारी बंदूक पाहून मुले खूप हसली, आणि पाणीच नसले तर तो माणूस तसाच राहील का, अशी गंभीर चर्चाही त्यांच्यात झाली. मे महिन्यातला आमच्याकडचा हा प्रश्न अगदी रास्त होता.

मेट्रो मॅन नाहीसा झाल्यावर शहर मेगामाइंडच्या ताब्यात येते, परंतु लढायला कोणी न उरल्याने त्याला रिते वाटू लागते. म्हणून तो स्वतःच एक नवा नायक घडवायला निघतो, आणि त्यासाठीची अतिमानवी ताकद अपघाताने हॅल नावाच्या कॅमेरामनच्या अंगात शिरते. हॅल तुरुंगात वाढलेला नाही. चारचौघांसारखाच माणूस आहे. पण रॉक्सॅन या वार्ताहर तरुणीने नकार देताच त्याला तो स्वतःवरचा अन्याय वाटतो, आणि मिळालेले बळ तो आधी चोरीसाठी व नंतर शहराच्या नाशासाठी वापरतो. नकार पचवता न येणारा माणूस किती धोकादायक असतो, हे मुलांच्या चित्रपटाने इतक्या स्पष्टपणे दाखवावे, याचे मला विशेष कौतुक वाटते. मोठ्या मुलांशी याविषयी बोलायला शिक्षकाला यापेक्षा चांगले निमित्त मिळणार नाही.

मेगामाइंडने वेष पालटून रॉक्सॅनला भेटत राहण्याचा मधला भाग मला लांबलेला वाटतो, आणि मेट्रो मॅनने असे नाहीसे होऊन, जबाबदारी सोडून संगीताकडे वळावे का, या प्रश्नावरून चित्रपट फार घाईने पुढे जातो. इतका मोठा निर्णय केवळ विनोदावर निभावून नेणे योग्य नव्हते.

अखेरच्या लढाईत मेगामाइंडला कोणतीही नवी शक्ती मिळत नाही. सोंगे, यंत्रे आणि हिकमती यांच्या ज्या हुन्नरावर तो आयुष्यभर शहराला छळत आला, त्याच हुन्नरावर तो हॅलला हरवतो. नायक झाल्यानंतरही त्याचा काळा पोशाख आणि नाटकीपणा कायम राहतो. लोकांना आवडावा म्हणून त्याला गोजिरवाणा केला नाही, हा कथाकारांचा निर्णय मला सर्वांत अधिक पटला.