निळं कोपर

रविवार

आजपासून सोरायसिसचं मलम फक्त डाव्या कोपराला. उजव्याला नुसतं व्हॅसलिन, मेण आणि तेल, म्हणजे तेच मलम, औषध न घातलेलं. शिन्चूतल्या माझ्या चिनी वैद्यबाईंनी दोन्ही डब्या स्वतः भरून दिल्या. इथे तैवानातच, चँग गंग रुग्णालयात, अशी चाचणी झाली आहे: एकाच माणसाच्या एका बाजूला औषध, दुसऱ्या बाजूला नुसतं मलम. ४२ रुग्ण, १२ आठवडे. २००८ साली निष्कर्ष छापून आले, त्यात ३१ जणांचे चट्टे गेले होते किंवा जवळजवळ गेले होते.

सोरायसिस आपला आपणही ओसरतो, विशेषतः थंडी सरल्यावर. दोन्ही कोपरं एकदम सुधारली तर ते मलमामुळे की उन्हामुळे, हे मला कधीच कळणार नाही. आणि मला ते कळायला हवंच आहे. इतकी वर्षं प्रत्येक नव्या डबीवर आशा ठेवत आले. आता पुरावा हवा.

बुधवार

औषधाचं नाव छिंग दाय. ज्या झुडपापासून ते करतात ते आपल्या सह्याद्रीतल्या कारवीचं चुलतभावंड, हे वाचून फार बरं वाटलं. इथल्या सान्शिया भागात पूर्वी याच झुडपाच्या निळीत कापड रंगवत. पानं पाण्यात कुजवायची, चुना घालून पाणी घुसळायचं, वर येणारा फेस काढून वाळवायचा, की झालं छिंग दाय. त्यात निळ्या रंगाबरोबर इंडिरुबिन नावाचं तांबडं द्रव्यही असतं आणि संशोधकांचं लक्ष मुख्यतः त्याच्यावर आहे. निरोगी कातडी साधारण महिन्याभरात नवी होते, सोरायसिसमध्ये तेच काम काही दिवसांत उरकतं आणि खपल्यांचे थर साचतात. प्रयोगशाळेत इंडिरुबिन त्वचेच्या पेशींची ही घाई कमी करताना दिसलं आहे.

डाग मात्र भयंकर. बाही निळी, उशी निळी. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "शाई सांडली का गं हातावर?" सगळं सांगितलं, तर लगेच म्हणाली, "मग थोडं पोटातही घे की, लवकर गुण येईल." आई, ते मुळीच नाही. आतड्याच्या आजारावर छिंग दाय पोटात घेणाऱ्या काही रुग्णांना फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढण्याचा गंभीर विकार झाला आणि २०१६ साली जपान सरकारला इशारा द्यावा लागला. वैद्यबाईंनीही बजावलंय, फक्त वरून लावायचं.

शुक्रवार, रात्री

ऑफिसातल्या मैत्रिणीने एक ट्यूब देऊ केली. "शुद्ध जडीबुटी, चार दिवसांत साफ." घटकांची यादी कुठेच नाही. मी घेतली नाही आणि तिलाही लावू नकोस म्हणाले. १९९९ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी ११ चिनी वनौषधी क्रीम तपासली, तर ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं. स्टेरॉइडवर माझा राग नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मीही ते वापरलंय आणि त्याने आराम पडलाय. पण न सांगता घातलेलं स्टेरॉइड माणूस महिनोन्महिने चेहऱ्याला, लहान मुलांना लावत राहतो. कातडी पातळ होते आणि थांबवलं की आजार दुप्पट जोराने उसळतो. आधीच गांजलेल्या माणसाशी ही लबाडी करणाऱ्यांना माझ्याकडे माफी नाही.

महिनाअखेर

फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले. डाव्या कोपरावरच्या खपल्या बऱ्याच गेल्या, कातडी मऊ झाली, कडा सपाट झाल्या. निळ्या डागाखाली लाली किती उरलीय ते नीट दिसत नाही, म्हणून ऑलिव्ह तेलाने पुसून पुन्हा फोटो काढले. लाली आहे, पण फिकट. उजवं कोपर थोडं मऊ झालंय, थर मात्र तसाच. खाज दोन्हीकडे कमी, म्हणजे तिचं श्रेय नुसत्या तेलामेणालाही असेल.

गुडघ्यांना अजून सुरू करणार नाही. गुरुवारी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ आहे. फोटो, दोन्ही डब्या आणि ही वही घेऊन जाईन. डोक्यातल्या चट्ट्यांसाठी रंग काढून शुद्ध केलेला अर्क चालेल का, तेही त्यांना विचारायचंय.