उभ्या उसातून १,१०० मीटर : विहिरीवरची मोटार घरून चालवण्याचा माझा अनुभव

आमची विहीर संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या कडेला, घरापासून सरळ रेषेत १,१०० मीटरवर आहे आणि मधल्या सगळ्या रानात ऊस आहे. शेतीची लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्रीची पाळी असली की दादा, म्हणजे माझे वडील, बॅटरी आणि काठी घेऊन मोटार चालू करायला निघत. आमच्या भागात उसात बिबट्या असणे ही आता कोणी नवलाने सांगण्याची गोष्ट राहिलेली नाही, त्यामुळे ते परत येईपर्यंत घरात कोणालाही झोप लागत नसे. मोबाईलवर चालणारा स्टार्टर आम्ही आधी लावून पाहिला होता, परंतु नदीकडच्या खोलगट भागात मोबाईलचे नेटवर्कच धड मिळत नसल्यामुळे तो वर्षभरात अडगळीत गेला. म्हणून स्वतःचीच बिनतारी जोडणी करायची असे मी ठरवले. हे काम एका सुट्टीत उरकेल, असा माझा अंदाज होता. त्याला चैत्रापासून दिवाळीपर्यंतचा काळ लागला.

बाजारात ४३३ मेगाहर्ट्झचे अगदी स्वस्त प्रेषक-ग्राहक मिळतात आणि पहिला मोह त्यांचाच होतो. त्यांचा ग्राहक समोर कोणी बोलत नसतानाही सतत खरखर बाहेर टाकत राहतो आणि त्या खरखरीतून खरा निरोप वेचणे हे प्रोग्रॅमचे काम होऊन बसते. अंगणापलीकडच्या दिव्यासाठी ते ठीक आहेत. पाच अश्वशक्तीची मोटार मी त्यांच्या भरवशावर सोडली नसती. मी लोरा पद्धतीची (कमी शक्तीत लहान निरोप लांबवर नेणारी रेडिओ पद्धत), एसएक्स १२७६ ही चिप असलेली दोन मॉड्यूल घेतली आणि ती ८६६ मेगाहर्ट्झवर ठेवली, कारण ८६५ ते ८६७ हा पट्टा आपल्या देशात २००५ सालापासून ठरलेल्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. या मॉड्यूलसाठी जे नमुना प्रोग्रॅम मिळतात, त्यांत बहुधा ९१५ हा आकडा लिहिलेला असतो. तो पट्टा अमेरिकेचा आहे, आपला नव्हे, तेव्हा तो आकडा सर्वांत आधी बदलावा. शिवाय वारंवारिता, बँडविड्थ (सिग्नल किती रुंद पट्टा व्यापतो ते), स्प्रेडिंग फॅक्टर (निरोप हवेत किती ताणून, संथपणे पाठवायचा तो आकडा) आणि सिंक वर्ड (आपल्या जोडीचा निरोप ओळखण्याची खूण) या चारही गोष्टी दोन्ही टोकांना तंतोतंत सारख्या असाव्या लागतात. एकही वेगळी असेल तर कोणतीही चूक न दाखवता दोन्ही मॉड्यूल नुसती गप्प बसतात.

माझी पहिली फजिती मात्र यांपैकी कशातही नव्हती. टेबलावर दोन्ही मॉड्यूल उत्तम बोलत होती. फाटकापर्यंत, म्हणजे जेमतेम ६० मीटर गेलो की संबंध तुटत असे. दोन संध्याकाळी मी प्रोग्रॅम उलटसुलट करण्यात घालवल्या. अखेर अँटेना काढून भिंगाखाली पाहिली, तेव्हा कळले की मॉड्यूलच्या जोडात मधोमध छिद्र होते आणि अँटेनाच्या जोडातही छिद्रच होते. आटे जुळत होते, फिरवल्यावर अँटेना घट्ट बसत होती, परंतु आत तांब्याला तांबे टेकतच नव्हते. एसएमए आणि उलट्या पिनेचा आरपी-एसएमए हे दोन जोड बाहेरून भावासारखे दिसतात आणि विक्रेत्याने मला एक या जातीचा, एक त्या जातीचा असा संच दिला होता. अँटेनाविना प्रेषण केल्यास मॉड्यूलमधला प्रवर्धक जळू शकतो. माझा वाचला, हे नशीबच. टेबलावर एक मीटर अंतरात अँटेना नसतानाही निरोप पोहोचतो, त्यामुळे तेथे मिळालेल्या यशाला मी तेव्हापासून फारशी किंमत देत नाही. योग्य अँटेना येईपर्यंत मी ८.५ सेंटिमीटर लांबीची ताठ तार डकवून काम भागवले. ८६६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३४.६ सेंटिमीटरची असते आणि तार तिच्या चतुर्थांशापेक्षा किंचित कमी लांबीची ठेवतात.

रानातील पहिली चाचणी एप्रिलमध्ये झाली. ऊस नुकताच तुटून गेला होता आणि खोडवा गुडघ्याएवढाही नव्हता. घरच्या ओसरीवरचे मॉड्यूल दर दोन सेकंदांनी क्रमांक घातलेला एक निरोप पाठवत असे आणि विहिरीवरचे मॉड्यूल मी बांबूला बांधून हातात धरले होते. नुसता दिवा लुकलुकतो की नाही हे पाहण्यापेक्षा निरोपाला क्रमांक देणे फार उपयोगाचे असते, कारण १०० पैकी किती आले आणि नेमके कोणते गळाले हे वहीत उतरवता येते. प्रत्येक ठिकाणी मी आलेले निरोप, आरएसएसआय (पोहोचलेल्या सिग्नलचा जोर, डीबीएम या मापात; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण) आणि एसएनआर (सिग्नल खरखरीच्या किती वर किंवा खाली आहे ते) अशा तीन नोंदी ठेवल्या. पॉवर बँक पुरेसा प्रवाह ओढला जात नाही म्हणून दर अर्ध्या मिनिटाला स्वतःहून बंद होत असे, तेव्हा तिच्यासोबत एक लहानसा बल्ब जोडून तिला जागे ठेवावे लागले. अँटेना अंगाजवळ धरली की आकडा चार-पाच डीबीने (डेसिबेल, सिग्नलच्या जोरातील फरकाचे माप) घसरतो, हेही त्याच दिवशी समजले. विहिरीवर १०० पैकी १०० निरोप आले. आरएसएसआय उणे ९२ डीबीएमच्या आसपास होता, १४ डीबीएम शक्तीवर आणि वेगवान अशा स्प्रेडिंग फॅक्टर ७ वर. काम झाले, असे मी दादांना सांगून टाकले.

सप्टेंबरात ऊस डोक्याच्या वर गेला आणि त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच यंत्रांनी १०० पैकी ३१ निरोप आले. आरएसएसआय उणे १२० पर्यंत उतरला होता आणि एसएनआर उणे ५ ते उणे ८ यांमध्ये हेलकावत होता. स्प्रेडिंग फॅक्टर ७ ला उणे ७.५ च्या खाली ऐकूच येत नाही, म्हणजे आम्ही अगदी काठावर उभे होतो. परतीचे निरोप तर त्याहूनही कमी येत होते.

उपाय तीन होते. शक्ती १४ वरून २० डीबीएम केली असती तर ६ डीबी मिळाले असते. स्प्रेडिंग फॅक्टर एका पायरीने वाढवला की सुमारे २.५ डीबी मिळतात, परंतु निरोप हवेत जवळजवळ दुप्पट वेळ राहतो. १२ वर नेल्यास लहानशा निरोपालाही सेकंदभर लागतो. तिसरा उपाय उंचीचा, आणि माझ्या मते खरी गोम तेथेच होती. रेडिओलहरींना दोन अँटेनांमधली सुतासारखी सरळ रेषा मोकळी असून भागत नाही. त्या रेषेभोवती मध्ये फुगलेला एक पट्टाही बऱ्यापैकी मोकळा असावा लागतो आणि आमच्या अंतराला व वारंवारितेला तो मध्यावर सुमारे १० मीटर त्रिज्येचा भरतो. दोन्ही अँटेना दोन मीटरवर ठेवून मी त्यातला निम्मा पट्टा जमिनीत आणि उरलेल्यातला बराचसा ओल्या पाल्यात घातला होता.

घरची अँटेना गच्चीवरच्या टाकीच्या चौथऱ्यावर, जमिनीपासून ७ मीटरवर नेली आणि विहिरीवरची एका जीआय पाइपावर ५ मीटरवर. पातळ केबल या वारंवारितेला मीटरमागे सुमारे १ डीबी खाऊन टाकते, म्हणून लांब केबल न ओढता मी मॉड्यूलच प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून अँटेनाशेजारी वर बसवले आणि खाली फक्त वीजपुरवठ्याच्या व संदेशाच्या तारा आणल्या. त्याच आठवड्यात, त्याच उसात आकडा उणे ९९ वर आला आणि २०० पैकी २०० निरोप पोहोचले. शक्ती १४ च ठेवली. स्प्रेडिंग फॅक्टर मात्र ९ केला, कारण पाऊस पडून गेल्यावर ओला ऊस आणखी तीन-चार डीबी घेतो, असे नोंदींत दिसत होते.

स्टार्टरच्या जोडणीबाबत दादांची एकच अट होती : "तुझी डबी बंद पडली तरी माझी हिरवी-लाल बटणे चालली पाहिजेत." म्हणून चालू करणारा रिले (विजेवर चालणारा लहान स्विच) हिरव्या बटणाला समांतर जोडला, बंद करणाऱ्या रिलेचा एरवी जोडलेला असणारा संपर्क लाल बटणाच्या मालिकेत घातला आणि जास्त प्रवाह झाल्यास मोटार बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेला हातही लावला नाही. पेटीत ४१५ व्होल्ट असतात, त्यामुळे तेवढे काम गावातल्या वायरमनकडून, वरचा मेन स्विच पाडूनच करून घेतले. मोटार चालू झाली हे मी रिलेवरून न ठरवता फेजच्या तारेवर बसवलेल्या प्रवाहमापक सीटीवरून ठरवतो. प्रवाह दिसला तरच घरी हिरवा दिवा लागतो. कॉन्टॅक्टर (मोटारीला वीज जोडणारा स्टार्टरमधला मोठा स्विच) सुटला की डबी दर वेळी रीसेट होत असे. कॉईलवर तेवढ्या व्होल्टेजसाठी बनवलेला स्नबर (विजेचा झटका शोषणारा भाग) बसवल्यावर तो प्रकार थांबला. घरून दर दोन मिनिटांनी खूण जाते आणि दहा मिनिटांत एकही खूण आली नाही तर मोटार बंद होते. गावठाणाची लाईट गेल्यावर उगाच मोटार थांबू नये यासाठी घरच्या मॉड्यूलला एक लहान बॅटरी दिली आहे. उलट, लाईट जाऊन परत आली तर मोटार आपोआप सुरू होत नाही. पुन्हा हुकूम द्यावाच लागतो.

शेवटची चाचणी मी नोव्हेंबरात, रात्री, मोटार चालू ठेवून आणि शक्ती मुद्दाम २ डीबीएमपर्यंत उतरवून घेतली. ऊस पूर्ण वाढलेला होता आणि पाला दवाने भिजलेला होता. जाणारे २०० पैकी १९८ आणि परतीचे १९६ निरोप आले, म्हणजे नेहमीच्या शक्तीवर आमच्या हाताशी निदान १२ डीबी शिल्लक राहतात. मी आकडे वहीत लिहीत असताना दादा गच्चीवर आले, हिरव्या दिव्याकडे पाहिले आणि विहिरीकडच्या अंधारात बराच वेळ कान लावून उभे राहिले. मोटारीचा आवाज एवढ्या लांबून येणे शक्यच नव्हते. "सकाळी पाटाला पाणी पाहून येतो, मग बघू," एवढेच ते म्हणाले आणि काठी दाराच्या कोपऱ्यात ठेवून झोपायला गेले.