जीपचीच चाकं ट्रेलरला

आपल्याकडे शेतरस्ता म्हटला की बाभळीचा काटा आलाच. ट्रेलरची चाकं जीपपेक्षा वेगळी असली की दोन स्टेपन्या, दोन पाने सोबत न्यावे लागतात. म्हणून पाचशे लिटर टाकीच्या एका धुऱ्याच्या ट्रेलरला मी जुन्या महिंद्रा जीपचीच १६ इंची चाकं बसवली. कल्पना माझी नाही. दुसऱ्या महायुद्धात जीपमागे जो पाव टनी ट्रेलर असायचा, त्यालाही जीपचीच ६.००-१६ चाकं होती.

आधी पीसीडी, म्हणजे स्टडच्या (ज्या आट्यांच्या खिळ्यांवर चाक बसवून नट आवळतो त्यांच्या) वर्तुळाचा व्यास. पाच स्टड असले की एकासमोर दुसरा येत नाही, टेप आडवी धरता येत नाही. मग शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर घ्यायचं आणि १.७०१ ने गुणायचं. मध्य डोळ्याने धरू नका. एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, अंतर तेच. माझं ८२.१ मिमी आलं, म्हणजे १३९.७ मिमी, साडेपाच इंच.

भंगारात हब, म्हणजे धुऱ्याच्या टोकाचा स्टड असलेला फिरता भाग, शोधताना मारुती जिप्सीचा हमखास हाती येतो. वर्तुळ तेच, जीपचं चाक छान बसतं, आणि इथेच फसगत होते. माझ्या जीपचा स्टड अर्धा इंची, इंचाला २० आट्यांचा. जिप्सीचा १२ मिमी, १.२५ मिमी पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). अर्ध्या इंचाचा पिच १.२७ येतो, त्यामुळे जीपचा नट १२ च्या स्टडवर सहज फिरत जातो. पण व्यासात ०.७ मिमीची पोकळी राहते. आटे नुसत्या टोकांवर धरतात आणि पाना जोरात मारला की सोलून निघतात. "चालतंय की" म्हणणारा लेथवाला भेटेलच, ऐकू नका. मी जुने स्टड दाबून काढले, भोकं मोठी करून अर्ध्या इंची बसवले. जुन्या जीपला डावीकडे उलटे आटे असू शकतात. ट्रेलरला मी दोन्हीकडे सरळच ठेवले, फक्त जीपचे डावीकडचे उलटे नट वेगळ्या डब्यात.

धुऱ्याची लांबी ठरवताना घाई नको. काळ्या रानात ट्रेलरचं चाक जीपच्याच चाकोरीतून गेलं पाहिजे, नाहीतर ते स्वतःची नवी चाकोरी पाडतं आणि ओढ वाढते. जीपच्या मागच्या दोन टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर; तोंड मध्याच्या बाहेरच्या बाजूला असेल तर पॉझिटिव्ह, आतल्या बाजूला असेल तर निगेटिव्ह. पॉझिटिव्ह असेल तर त्याची दुप्पट मिळवा, निगेटिव्ह असेल तर दुप्पट वजा करा. हे झालं हबच्या तोंडापासून तोंडापर्यंतचं माप. वेल्डिंग पक्कं करण्याआधी चाकं चढवून एकदा पुन्हा मोजा, तापल्यावर धुरा वाकतो.

बेअरिंग टेपर रोलर. चाक फिरवत नट आवळायचा, मग साधारण एक षष्ठांश फेरा सैल करून कॉटर पिन. घट्ट ठेवलं तर हब तापतो. चाकाचे नट चांदणीच्या क्रमाने, ९० ते ११० न्यूटन मीटर, आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. हे दुसऱ्यांदा आवळणं बहुतेक जण विसरतात, आणि चाक तिथेच डुगडुगायला लागतं.

भरलेला ट्रेलर अंदाजे ७०० किलो, म्हणून हुकवर ५० ते ७० किलो भार येईल अशी टाकी पुढे सरकवली. अर्धी टाकी मात्र नेऊ नका. पाणी मागेपुढे आदळतं आणि जीपलाच ढकलतं. आत दोन आडव्या पट्ट्या लावल्या तर बराच फरक पडतो.