माशाचं भूत उतरेना: बाराफुटीच्या रंगकामाची खबर

स्टिकर निघाले, गोंद निघाला आणि मासा जागच्या जागी आहे. माझ्या बारा फुटी ॲल्युमिनियमच्या बोटीच्या उजव्या बाजूचा तो उडी मारणारा मासा आणि त्याखालची इंग्रजी अक्षरं, म्हणजे मागच्या मालकाची हौस, आता विनाइल नसतानाही रस्त्यावरून वाचता येते. दुपारच्या उन्हात तर जास्तच ठसठशीत. पाऊस दारात आलाय, म्हणून ही खबर घाईत टाकतोय.

आधी जमलं ते. हेअर ड्रायरचा नाद सोडा. ॲल्युमिनियम पोलादाच्या निदान दुप्पट-तिप्पट उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ड्रायरची ऊब स्टिकरखाली टिकतच नाही, अख्ख्या पत्र्याला वाटली जाते. हीट गन चालते, पण एका जागी जरा रेंगाळली की खालचा रंग फुगतो. त्यापेक्षा आमच्या रत्नागिरीजवळच्या भाट्याचं मे महिन्यातलं ऊन फुकट आहे. बोट कलती करून उजवी बाजू पश्चिमेला केली. तीनच्या सुमारास पत्रा हाताला चटका द्यायला लागल्यावर कोपऱ्यात प्लास्टिकची पट्टी घातली आणि विनाइल वर न उचलता मागच्या मागे दुमडत ओढत गेलो. मासा शेपटीपासून डोळ्यापर्यंत एका तुकड्यात आला. असं सुख फार कमी वेळा मिळतं!

अक्षरं मात्र दोन थरांची निघाली. वरचा थर नवा, खालचा उन्हाने कडक होऊन नखाएवढ्या कपच्यांनी सुटणारा. त्याला ड्रिलवर लावायचं रबरी चाक, गॅरेजवाले गाडीचे पट्टे काढायला वापरतात ते. ड्रिल हळू ठेवा. वेग वाढवला की रबर तापून रंगावर काळे फराटे ओढतं. गोंदाला मिनरल टर्पेंटाइनचं भिजकं फडकं थोडा वेळ चिकटवून ठेवलं आणि शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा दिला. एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा जहाल) थिनर जवळ आणला नाही, जुना रंग त्याने मऊ पडतो. शेजारच्या काकांनी प्रेमाने तारेची घासणी आणून दिली होती, ती तितक्याच प्रेमाने परत केली. लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतले की खाऱ्या हवेत तिथे तांबूस ठिपके उमटतात आणि ठिपक्याभोवतीचा पत्रा कुरतडला जातो. कॉस्टिक सोड्याचं कुठलंही क्लीनरही नको, तो तर ॲल्युमिनियम सरळ खातोच.

आता भूत. त्याची दोन अंगं आहेत आणि दोन्हींना वेगळं औषध लागतं. एक रंगाचं: स्टिकरखालचा हिरवा मूळचा राहिला, भोवतालचा उन्हाने विटला. दुसरं उंचीचं: भोवतालच्या रंगाची वर्षानुवर्षं पूड होत तो झिजला, स्टिकरखालचा जाड राहिला. नख आडवं फिरवलं की माशाच्या कडेला बारीक ठेच लागते. डोळे मिटून बोटाने अख्खा मासा गिरवता येतो, इतकी.

आधी पाण्याची परीक्षा केली. ओलं फडकं फिरवल्यावर आकृती नाहीशी झाली तर नुसती वरची पूड आहे, कंपाउंडने (घासून चकाकी आणायच्या पेस्टने) भागतं. ओल्यातही दिसली तर रंगद्रव्यच उडालंय. माझ्याकडे नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, आकृती गेली, पिछाडीला ठाम राहिली. बोट माडाखाली उभी असते, सावली नाळेवर आणि ऊन पिछाडीवर, त्याचा हा हिशेब. म्हणजे एकाच बाजूवर तीन हिरवे आहेत: स्टिकरखालचा, नाळेचा आणि पिछाडीचा.

इथेच सगळं अडलंय. टचिंगला शेड जुळवायची तर कुठल्या हिरव्याशी? नमुना म्हणून मागच्या पेटीचं झाकण काढून रत्नागिरीतल्या एका दुकानात नेलं. दुकानदाराने झाकणाकडे न बघता रेड ऑक्साइडचा डबा पुढे केला. "पत्र्याला हाच लावतात हो!" अहो, लोखंडाच्या पत्र्याला लावतात. ॲल्युमिनियमला एच प्राइमर (आम्लाने धातूला धरणारा) तरी हवा, नाहीतर टू-पॅक, म्हणजे दोन डबे मिसळून लावायचा, इपॉक्सी प्राइमर. (दोन्ही एकावर एक नकोत. बऱ्याच इपॉक्सी आम्लाच्या थरावर नीट धरत नाहीत, डब्यावरचं वाचा.) दुसऱ्या दुकानात मशीनवर शेड काढून दिली. सावलीत अप्रतिम जुळली. चाचणीचा तुकडा मारून वाळवला, उन्हात नेला, तर विटक्या हिरव्यावर ओलं ठिगळ लावल्यासारखा दिसला. त्यातून माशाच्या शेपटीची कड वर आली ती वेगळीच. चकचकीत रंग खालची ठेच लपवत नाही, उलट ती उजळून दाखवतो.

मग ठेच आधी मारायची ठरवलं. ४०० नंबरचा पॉलिश पेपर, पाणी आणि लाकडी ठोकळा. बोटांनी घासलं तर खड्डे पडतात. ठेच गेली, पण रिव्हेटांची डोकी उंच असल्यामुळे तिथे चंदेरी धातू उघडा पडला. एका रिव्हेटशेजारी रंगाला फोड होता. टिचकी मारली तर पापुद्रा सुटला आणि खाली पांढरी पूड. मीठ आत शिरलेलं. त्यामुळे आता घासण्याआधी अख्खी बाजू गोड्या पाण्याने धुणं सक्तीचं. मिठावर प्राइमर मारला तर तिथेच पुन्हा फोड येणार.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. शेड जुळवायचीच कशाला? नाळेपासून पिछाडीपर्यंत, मासा आणि अक्षरं दोन्ही पोटात घेणारा हातभर रुंदीचा वेगळ्या रंगाचा पट्टा ओढला तर? मग ठेच तेवढी सपाट करायची, तीन हिरव्यांचं भांडण पट्ट्याखाली मिटतं. पट्ट्याबाहेरच्या विटलेल्या भागाला कंपाउंड आणि मेण पुरेल. उघड्या रिव्हेटांना इपॉक्सी प्राइमर लागेलच, आणि घासल्याच्या दिवशीच, कारण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरतो आणि दिवसागणिक जाड होत जातो.

खरी अडचण हवेची. पट्ट्याला टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग, आणि त्याच्या हार्डनरला ओलावा सोसत नाही. त्याच्याशी संयोग झाला की बुडबुडे येतात, चकाकी मरते. पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा, आणि सकाळी सकाळी आमच्याकडे तो हाताला दमट लागतो. भर दुपारी उलट तो इतका तापतो की ब्रश फिरवायच्या आत थिनर उडून जातं. म्हणून अकराच्या आसपास, माडाच्या सावलीत, स्लो थिनर घालून. फवारा मारणार नाही. पीयूच्या फवाऱ्यातलं आयसोसायनेट छातीत जातं, त्याला कापडी मास्क काही कामाचा नाही. ब्रश आणि फोमचा रोलर बस.

१ जूनच्या मासेमारीबंदीसाठी खाडीतल्या होड्या वर ओढायला सुरुवात झालीय, बाराफुटीही त्यांच्यासोबत शाकारायची. त्याआधी पट्टा वाळायला हवा. कोल्हापूरला कामानिमित्त जातोय, आंबा घाट उतरताना डबा सोबत असेल. गडद निळा की मातकट पांढरा, एवढंच ठरत नाहीये. पांढरा कमी तापेल. निळ्यावर खारे डाग उठून दिसतील. उद्या रात्रीपर्यंत सांगा.