धोकटीतला सातवा वस्तरा

सातारा जिल्ह्यातल्या एका गावाहून दोघे भाऊ आले, सोबत त्यांची आत्या. आजोबा गावचे न्हावी, बलुत्यावर घरोघर हजामतीला जाणारे. वडील गेल्यावर चार महिन्यांनी घर आवरताना माळ्यावर आजोबांची धोकटी, म्हणजे हजामतीच्या सामानाची पिशवी, सापडली. आत नखं काढायची नराणी, पितळेची वाटी, धार लावायचा दगड आणि सात वस्तरे. विकून पैसे तिघांत वाटायचे होते.

पुण्यात जुन्या वस्तूंचा धंदा करताना मला एक गोष्ट रोज सांगावी लागते, की विकायला आणण्याआधी वस्तू घासू नका. थोरल्यानं सहा वस्तरे गॅरेजमधल्या बफिंगच्या चाकावर धरून आरशासारखे चकचकीत करून आणले होते. दोन जर्मनीतल्या झोलिंगनचे होते. एकाच्या पात्यावर सोनेरी अक्षरं असावीत, कारण पाठीजवळ रंगाचा एक ठिपका तेवढा उरला होता. चाकाच्या उष्णतेनं धारेचा पाणी-ताव, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतो, मग कितीही घासा, धार टिकत नाही. अशा पात्याचं मोल मी लोखंडाच्या भावानं करतो. ते ऐकून समोरचा माणूस दुखावतो, आणि चूक प्रेमापोटीच झालेली असते, म्हणून मला जास्त वाईट वाटतं.

सातवा फडक्यात गुंडाळून आत्याबाईंनी स्वतःजवळ ठेवला होता. "हा बाबा फक्त वाड्यावर न्यायचे," त्या म्हणाल्या.

वस्तरा हातात आला की मी नाव आणि वय शेवटी बघतो. आधी पातं डोळ्यासमोर आडवं धरून धारेची रेघ बघायची. वर्षानुवर्षं दगडावर एकाच जागी दाब पडला की ती मधोमध आत जाते, आणि असा वस्तरा गालावर नीट बसत नाही. मग पाठ. दगडावर टेकून टेकून तिला सपाट पट्टी पडते; पट्टी रुंद म्हणजे आयुष्य सरत आलेलं. मग ओल्या नखावर धार हलकेच दाबून पुढं सरकवायची. बारीक तडा असेल तर भिंगाआधी तिथंच समजतो.

या वस्तऱ्याची धार सरळ होती, पाठ जवळजवळ कोरी. पातं पाचरीसारखं जाड. दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेली, दाढी करताना वाजणारी पाती नंतरच्या काळातली. मुळाशी मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना डब्ल्यू आणि आर ही अक्षरं, म्हणजे इंग्लंडच्या चौथ्या विल्यम राजाचा काळ, १८३० ते १८३७. खाली जोसेफ रॉजर्स, शेफील्ड, आणि तारा व क्रूसाची खूण. 'इंग्लंड' शब्द नाही. तो १८९० नंतरच्या मालावर सर्रास दिसतो. अक्षरांशेजारी कानशीनं पाडलेल्या तीन बारीक खाचा होत्या, आजोबांची खूण असणार. वीस वर्षांत असा वस्तरा माझ्या हातात आला नव्हता.

मग मूठ बघितली. पिवळसर, गुळगुळीत. अंगठ्यानं जोरात घासून हुंगली. सेल्युलॉइड असतं तर कापराचा वास आला असता. हाडात दिसणारे काळे ठिपकेही नव्हते. टोकाच्या कापावर भिंग धरलं तेव्हा एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसली. हस्तिदंत.

हस्तिदंत विकता येत नाही, कितीही जुना असला तरी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि हस्तिदंताच्या व्यापारावरची बंदी पुढच्या दुरुस्त्यांनी पक्की झाली. वारशानं आलेली वस्तूही नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे जाहीर करावी लागते. त्यांचे नव्वद दिवस उलटले होते. मी म्हणालो, वनखात्यात जा, खरं ते सांगा, अर्ज द्या. दोघांचे चेहरे उतरले. गावाकडच्या माणसाला असल्या कचेरीत कोण कसं वागवतं हे मला ठाऊक आहे, तरी दुसरा सल्ला माझ्याकडे नव्हता.

धाकट्यानं मला विचारलं, "दादा, मूठ काढली तर? नुसतं पातं विकता येतं ना?"

मी म्हणालो, "पात्याला अडचण नाही. पण दोनशे वर्षं टिकलेली जोडी आहे, खिळे काढू नका."

त्यातलं पहिलंच वाक्य त्यांनी ऐकलं असावं. आत्याबाईंनी वस्तरा पुन्हा फडक्यात गुंडाळला. बाकीच्या सहांचे मी दोन हजार देऊ केले. ते त्यांना फार कमी वाटले. तिघे चहा न घेताच गेले.

तीन महिन्यांनी रविवारी जुन्या बाजारात ताडपत्रीवर पान्हे आणि नळाच्या तोट्यांमध्ये एक वस्तरा दिसला. मूठ नव्या लाकडाची, पितळी खिळे ठोकताना चेमटलेले. मुळाशी मुकुट, आणि तीन खाचा. विकणारा म्हणाला, लॉटमधे आला. साडेतीनशे रुपये दिले, घासाघीस केली नाही.

पातं तेल लावून खणात ठेवलंय. जुनी मूठ कुठं गेली, कुणी जाळली की कुणाला चोरून विकली, कळायला मार्ग नाही. थोरल्याचा नंबर माझ्याकडे आहे. दोनदा लावायला घेतला आणि ठेवला, कारण फोनवर आत्याबाई आल्या आणि वस्तऱ्याचं विचारलं तर काय सांगायचं ते अजून ठरत नाही.